खाऱ्या पाण्यातला एंजल मासा आणि प्रवाळ एकाच टाकीत: कोणता निवडावा, कसा सांभाळावा?

नीलसागर | ३ फेब्रुवारी

नमस्कार मंडळी,

न्यू जर्सीतील घराच्या तळघरात गेली तीन वर्षे मी एक रीफ टँक, म्हणजे जिवंत प्रवाळांची खाऱ्या पाण्याची टाकी, सांभाळत आहे. टाकी चार फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच, म्हणजे सुमारे ४५० लिटरांची आहे. खाली सम्प (पाणी गाळण्याची जोडटाकी) व स्किमर (फेसावाटे घाण काढणारे यंत्र) आहेत. खारटपणा ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग क्षार), तापमान २५.५ अंश, अल्कलिनिटी (आम्ल शोषण्याची क्षमता) ८.५ डीकेएच या एककात, कॅल्शियम ४३०, नायट्रेट १०च्या आसपास आणि फॉस्फेट ०.०६ हे आकडे वर्षभरात फारसे हललेले नाहीत. मासे मोजकेच आहेत: क्लाउनफिशची जोडी, एक यलो टँग आणि पाच हिरवे क्रोमिस. प्रवाळांत डावीकडे लेदर व मशरूम, मध्ये हॅमर आणि टॉर्च, वरच्या खडकांवर मोंटिपोरा व दोन अक्रोपोरा, आणि खाली वाळूवर माझ्या विशेष लाडाची दोन मांसल प्रवाळे, अकानची एक वसाहत आणि लाल-हिरवी ट्रॅकीफिलिया. शिवाय एक डेरासा क्लॅम, म्हणजे मोठा जिवंत शिंपला, आहे.

लहानपणी मरीन ड्राइव्हवरच्या तारापोरवाला मत्स्यालयात एका काचेमागे मोठा एंजल पाहिला होता आणि तो तेव्हापासून डोक्यातून गेलेला नाही. येथील दुकानात सध्या सात सेंटिमीटरचा एम्परर एंजल आहे. गडद निळ्या अंगावर पांढरी वर्तुळे असलेले ते पिल्लू पाहून पाय निघत नव्हता. त्याच दुकानात फ्लेम एंजल आणि कोरल ब्यूटीही आहेत. या तिघांपैकी कोणता घ्यावा, की आहे त्या प्रवाळांचा विचार करून कोणताच घेऊ नये, याविषयी अनुभवी सभासदांचे मत हवे आहे.

एक खुलासा आधीच करतो. गोड्या पाण्यात आपण सर्वांनी पाळलेला त्रिकोणी एंजल हा सर्वस्वी वेगळ्या कुळातला मासा असून हा धागा त्याच्याविषयी नाही. तसेच कृपया कोणी ‘देवमासा’ असे भाषांतर सुचवू नये. तो शब्द आधीच दुसऱ्या प्राण्याला दिलेला आहे आणि तो प्राणी ४५० लिटरांत मावत नाही.

शारजाकर | ३ फेब्रुवारी

एम्परर घेऊ नका, हे सर्वांत आधी सांगतो आणि मग कारण सांगतो.

मी नेमके तेच केले होते. सहा फुटी, सुमारे ९०० लिटरांच्या टाकीत मी आठ सेंटिमीटरचे पिल्लू आणले. पहिले चार महिने ते खडकावरचे शेवाळ टिपत शांतपणे फिरत होते आणि मी येथेच कुठेतरी ‘माझा एम्परर प्रवाळांना हात लावत नाही’ असे मोठ्या तोऱ्यात लिहिले होते. मासा साधारण दहा सेंटिमीटरच्या पुढे गेल्यावर अंगावरची वर्तुळे मागून पुढे विरघळू लागली, त्यांच्या जागी पिवळे आडवे पट्टे उमटू लागले, आणि त्याच सुमारास त्याने झोआंच्या, म्हणजे गटाने पसरणाऱ्या छोट्या मऊ प्रवाळांच्या, एका गालिच्यापासून सुरुवात केली. दोन आठवड्यांत गालिचा संपला. नंतर अकान, नंतर क्लॅमची किनार. हा मासा समुद्रात ४० सेंटिमीटरपर्यंत वाढतो आणि पंधरा-वीस वर्षे जगू शकतो. चार फुटी टाकीत तो तीन शेपट्या मारतो तोच दुसरी काच येते.

पिल्लाचे आणि प्रौढाचे रूप इतके वेगळे आहे की पूर्वी शास्त्रज्ञांनीही त्यांना दोन प्रजाती मानले होते. पिल्लाला दिलेले ‘निकोबारिएन्सिस’ हे नाव आपल्या निकोबार बेटांवरून आलेले आहे. दुकानात आपण जे विकत घेतो ते रूप काही काळाचेच पाहुणे असते, ही गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

शेवटी मी प्रवाळ हलवले, मासा ठेवला. आता त्या टाकीत फक्त लेदर आहेत, त्यांना तो तोंड लावत नाही. त्याला दचकवले तर तो आतून ‘ठक्’ असा आवाज काढतो, जवळ बसले तर काचेबाहेरही ऐकू येतो. मासा म्हणून तो अप्रतिम आहे. मात्र आपल्या टाकीसाठी तो नाही.

मीनाक्षर | ४ फेब्रुवारी

माझे शिक्षण मत्स्यविज्ञानातले आहे, त्यामुळे उत्तर थोडे लांबेल, त्याबद्दल आधीच क्षमा मागते.

पोमाकँथिडी या कुळात सुमारे ९० प्रजाती आहेत. फुलपाखरू माशांशी, म्हणजे बटरफ्लायफिशशी, त्यांचे जवळचे नाते आहे, परंतु गालाच्या खालच्या कोपऱ्यावर असलेला मजबूत काटा ही एंजलची खूण आहे. खाण्याच्या सवयींकडे पाहिले तर या कुळात तीन अगदी निरनिराळे स्वभाव दिसतात, आणि आपला प्रश्न खरे तर तिथेच सुटतो. पोमाकँथस आणि होलाकँथस या वंशांतले मोठे एंजल प्रामुख्याने स्पंज व ट्युनिकेट, म्हणजे खडकाला चिकटून बसलेले मऊ प्राणी खातात. अशा भक्ष्याचा लचका तोडण्यासाठीच त्यांचे दात आणि जबडा घडलेले आहेत, त्यामुळे मांसल प्रवाळ त्यांना अन्नच वाटले तर त्यात त्यांचा दोष नाही. सेंट्रोपायगी या वंशातले बुटके एंजल, ज्यांत कोरल ब्यूटी आणि फ्लेम दोन्ही येतात, दिवसभर खडकांवरचे बारीक शेवाळ आणि त्यातला गाळ टिपतात. तिसरा गट जेनिकँथसचा. हे मासे खडक सोडून वर मोकळ्या पाण्यात तरंगते सूक्ष्म जीव खातात, म्हणूनच प्रवाळांना त्यांचा उपद्रव जवळजवळ नसतो. या गटातल्या लामार्क किंवा बेलस यांचा विचार आपण केलेला दिसत नाही, तो जरूर करावा. त्यांच्यात नर व मादी वेगळे दिसतात, हे एंजलमध्ये दुर्मीळच म्हणायचे.

बुटक्या एंजलबद्दल सर्वाधिक गोंधळ आहे. ते प्रवाळाचे मांस खातातच असे नाही. अनेकदा ते प्रवाळावरचा चिकट स्राव आणि त्यात अडकलेले अन्नकण टिपतात. अकान, लोबोफिलिया, ट्रॅकीफिलिया यांचा देह मांसल आणि स्राव भरपूर, त्यामुळे चोच तिथे पुन्हा पुन्हा जाते. प्रत्येक वेळी इजा नगण्य असली तरी दिवसातून शंभर वेळा टोचल्यावर प्रवाळ फुलायचे सोडून देतो, त्याचे पोषण थांबते आणि मग तो खरोखरच मरतो. ‘रीफ-सेफ’ (प्रवाळांना निरुपद्रवी) हा शिक्का प्रजातीवर मारता येत नाही, कारण एकाच प्रजातीचे दोन मासे दोन टाक्यांत वेगळे वागतात. इतकेच काय, तोच मासा जानेवारीत आणि जुलैत वेगळा वागतो.

आपल्या टाकीतले लेदर, मशरूम, मोंटिपोरा सुरक्षित समजायला हरकत नाही. हॅमर आणि टॉर्च बहुधा वाचतील. ट्रॅकीफिलिया, अकान आणि क्लॅम ही तीन नावे मात्र कागदावर वेगळी लिहून ठेवावीत.

पुणेरी_पाणी | ४ फेब्रुवारी

मीनाक्षर ताईंशी सहमत. ज्याविषयी या धाग्यावर अजून कोणी बोललेले नाही, तो विषय मी मांडतो: मासा टाकीत जाण्याआधीचे सहा आठवडे.

एंजलमध्ये खाऱ्या पाण्यातला इक, व्हेल्व्हेट आणि त्वचेवरचे चपटे कृमी हे तिन्ही रोग सर्रास येतात. यांतला एखादा मुख्य टाकीत शिरला तर सगळे मासे बाहेर काढून ती टाकी निदान सहा-सात आठवडे माशांविना ठेवावी लागते, आणि खडकांच्या ढिगातून यलो टँग पकडणे म्हणजे काय असते हे ज्याने केले त्यालाच ठाऊक. म्हणून वेगळी छोटी टाकी, त्यात पीव्हीसी नळाचे दोन-तीन कोपरे (एल्बो) लपण्यासाठी, आणि महिनाभर आधी सम्पमध्ये ठेवून जिवाणू बसवलेला स्पंज फिल्टर, एवढे हवेच. कृमींसाठी प्राझिक्वांटेलचे दोन डोस, मध्ये पाच-सात दिवसांचे अंतर ठेवून. इक आणि व्हेल्व्हेटसाठी तांब्याचे औषध, परंतु बुटके एंजल तांब्याला हळवे असल्याने मात्रा एका दिवसात न वाढवता आठवडाभरात हळूहळू वाढवावी आणि रोज किटने मोजावी. मासा खायचा थांबला तर वाढ तिथेच रोखावी. हे सर्व वेगळ्या टाकीतच करायचे. रात्री तांब्याच्या भांड्यात पाणी ठेवून सकाळी पिणाऱ्या आपल्या लोकांना हे पटायला वेळ लागतो, पण कोळंबी, गोगलगाय आणि प्रवाळ यांना तांबे अत्यल्प मात्रेतही विष आहे.

आणखी दोन गोष्टी. एंजल जाळीने उचलू नये, गालावरचा काटा जाळीत अडकतो आणि सोडवताना माशालाही इजा होते व आपल्या बोटालाही; प्लास्टिकच्या डब्याने उचलावा. दुसरे म्हणजे, लांबचा प्रवास करून आलेली पिशवी उघडून तासभर थेंब-थेंब पाणी सोडत बसू नये. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साचून पीएच उतरलेला असतो, त्यामुळे साठलेला अमोनिया फारसा विषारी नसतो. पिशवी उघडताच पीएच चढू लागतो आणि तोच अमोनिया घातक होतो. त्यापेक्षा क्वारंटाइनच्या पाण्याचा खारटपणा आधीच पिशवीतल्या पाण्याइतका जुळवून ठेवावा, तापमान सारखे झाले की मासा सरळ सोडावा.

माझ्या टाकीत कठीण प्रवाळ का नाहीत, असे कोणी विचारण्याआधी सांगतो. आपल्या देशात वन्यजीव संरक्षण कायद्याने २००१ पासून सर्व कठीण प्रवाळ, समुद्रपंखे आणि काळे प्रवाळ पहिल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या, अनुसूचीत आहेत, काही महाकाय क्लॅमही आहेत. त्यामुळे समुद्रातून काढलेला तुकडा ‘हा मृतच आहे’ असे सांगून कोणी देऊ केला तरी त्याला हात लावू नये. मी लेदर आणि मशरूम यांवर समाधानी आहे, आणि एंजल पाळणाऱ्याला तेच सोयीचे पडते. पुण्याच्या एप्रिलमध्ये चिलर आणि वीज गेल्यावर चालणारा बॅटरीचा हवापंप, या दोन खर्चांपुढे बाकीचे खर्च किरकोळ वाटतात. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी राहतो आणि एंजल ते लवकर जाणवून देतात.

वाटसरू | ५ फेब्रुवारी

मी या छंदातला नाही, परंतु धागा पहिल्यापासून वाचला. प्रामाणिक प्रश्न आहे, खोचक नाही. जो मासा समुद्रात मैलोन्मैल पसरलेल्या प्रवाळभित्तीवर राहतो, त्याला तळघरात आणण्याचे समर्थन आपण कसे करता?

सिंधुदुर्गी | ५ फेब्रुवारी

वाटसरू, मी मालवणात पर्यटकांना पाण्याखाली घेऊन जातो, त्यामुळे आपला प्रश्न मला रोज पडतो. आपल्या किनाऱ्यावर ब्लू रिंग एंजल आहे. तपकिरी अंगावर निळ्या कमानी, कल्ल्याच्या वर एक निळे कडे आणि पांढरी शेपटी. बहुधा जोडीने, खडकाच्या कपारीच्या तोंडाशी असतो. पिल्ले उथळ पाण्यात, शेवाळ धरलेल्या खडकांजवळ सापडतात आणि त्यांच्या अंगावर कमानींऐवजी उभे पांढरे पट्टे असतात. पाणी गढूळ असले तरी ती जोडी आपली कपार सोडत नाही. पावसाळ्यानंतर पुन्हा बुडी मारायला सुरुवात केली की मी आधी तिथेच जाऊन पाहतो.

एक गोष्ट मात्र नोंदवतो. मी जे मासे पाहतो ते क्वचितच एका जागी सलग खातात. एक चोच इथे, दोन हात पुढे जाऊन दुसरी तिथे. एका स्पंजचा पूर्ण फडशा पाडताना मी त्यांना कधी पाहिलेले नाही. टाकीत तोच प्रवाळ दिवसभर समोर असतो, त्यामुळे शंभर चोची एकाच ठिकाणी पडत असाव्यात.

मीनाक्षर | ५ फेब्रुवारी

सिंधुदुर्गी यांचे निरीक्षण मोलाचे आहे.

वाटसरू यांना उत्तर देताना मी समर्थन करणार नाही, पर्याय सांगते. फ्लेम एंजल मुख्यतः किरिबातीतील किरितिमाती आणि मार्शल बेटांच्या भागातून पकडून येतो. एंजलची पैदास बंदिस्त जागेत अवघड असण्याचे कारण अंड्यांत आहे. सायंकाळी नर-मादी एकत्र वर झेपावतात आणि एक मिलिमीटरहूनही लहान अशी तरंगती अंडी पाण्यात सोडतात, ती एका दिवसाच्या आत फुटतात आणि बाहेर पडणाऱ्या अळीचे तोंड इतके बारीक असते की मत्स्यबीज केंद्रांत नेहमी वापरले जाणारे रोटिफर हे सूक्ष्म जीवही तिला मोठे पडतात. कोपेपॉड या सूक्ष्म जलचरांची नुकती जन्मलेली पिल्ले हाच उपाय ठरला. फ्रँक बेन्श यांनी हवाईत २०००च्या दशकाच्या सुरुवातीला बुटक्या एंजलची पिल्ले वाढवून दाखवली, पुढे बालीत मोठ्या एंजलचीही पैदास झाली, आणि आज कोरल ब्यूटी हॅचरीतून, म्हणजे अशा मत्स्यबीज केंद्रातून, नियमित विक्रीला येतो. मेक्सिकोचा क्लॅरियन एंजल तर साइट्सच्या, म्हणजे धोक्यातील जीवांच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या, दुसऱ्या परिशिष्टात आहे. आपल्याकडे ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात क्लाउनफिशच्या पैदाशीचे काम झाले आहे. एंजल हा त्यापुढचा, बराच चढणीचा टप्पा आहे.

म्हणून नीलसागर यांना माझी सूचना: हॅचरीतला कोरल ब्यूटी. तो दाणे खायला शिकून आलेला असतो, ही अर्धी लढाई आधीच जिंकलेली असते. मात्र ‘हॅचरीतला मासा प्रवाळ ओळखतच नाही, म्हणून कुरतडत नाही’ असे विक्रेते म्हणतील, त्यावर विसंबू नये. शेवाळ टिपायला त्यालाही कोणी शिकवलेले नसते, तरी तो पहिल्या तासात टिपू लागतो.

शारजाकर | ६ फेब्रुवारी

सहमत. आणि यापुढे कोणी ‘मग रीगल एंजल कसा?’ असे विचारणारच, म्हणून सांगून ठेवतो. माझ्या दुसऱ्या टाकीत पिवळ्या छातीचा, हिंदी महासागरातला रीगल आहे. पहिले अकरा दिवस त्याने काहीही खाल्ले नाही. शेवटी मासळीबाजारातून तिसऱ्या (खाण्याच्या शिंपल्या) आणल्या, परजीवी मरावेत म्हणून दोन दिवस फ्रीजरमध्ये ठेवल्या, आणि उघडलेली शिंपली खडकाच्या फटीत खोचून ठेवली. खडकाला चिकटलेले मऊ मांस दिसताच त्याने पहिली चोच मारली. तेथून कोळंबीचे तुकडे, मग मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव), मग स्पंज मिसळलेले गोठवलेले खाद्य, असे तीन महिने लागले. घरात सौ. म्हणाल्या की आपल्याला वर्षात दोनदा तिसऱ्या आणि माशाला रोज.

नीलसागर | २६ फेब्रुवारी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. एम्परर दुकानातच राहिला. पाच सेंटिमीटरचा हॅचरीतला कोरल ब्यूटी काल क्वारंटाइनमध्ये आला आणि तिसऱ्या तासाला दाणे खाल्ले. जेनिकँथसचा विचार केला होता, पण तो उडी मारणारा मासा असून टाकीवर सध्या जाळी नाही. शिवाय खडकांतून आत-बाहेर करणारा मासा मला हवा होता, हेही प्रामाणिकपणे सांगतो.

नीलसागर | १४ एप्रिल

क्वारंटाइन संपले. तांब्याची मात्रा वाढवताना चौथ्या दिवशी त्याने खाणे निम्मे केले, तेव्हा पुणेरी_पाणी यांच्या सल्ल्याप्रमाणे दोन दिवस मात्रा तिथेच ठेवली आणि मग पुढे गेलो. मुख्य टाकीत सोडण्याआधी चार दिवस त्याला पारदर्शक, भोके असलेल्या पेटीत त्याच टाकीत ठेवले. यलो टँगने पहिले दोन दिवस पेटीवर शेपटीचे फटकारे मारले. शेजारच्या काचेला बाहेरून आरसा लावल्यावर त्याचा सगळा राग आरशातल्या टँगवर निघू लागला. पाचव्या दिवशी रात्री टाकीचे दिवे बंद झाल्यावर पेटी उघडली. सकाळी कोरल ब्यूटी मोंटिपोराच्या खालच्या गुहेतून डोकावत होता.

सध्या दिवसातून तीनदा खाद्य, त्यांत एकदा स्पंज व स्पिरुलिना असलेले, आणि एक नोरीचा (वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा) तुकडा चिमट्याला. प्रवाळांकडे त्याचे लक्ष नाही.

नीलसागर | २८ जुलै

ज्याची भीती होती ते घडले आहे. ट्रॅकीफिलिया गेले नऊ दिवस पूर्ण फुललेली नाही आणि एका कडेला सांगाड्याची पांढरी धार दिसू लागली आहे. काल अर्धा तास खुर्ची टाकून बसलो. कोरल ब्यूटी दर दोन-तीन मिनिटांनी येऊन एक चोच मारतो आणि निघून जातो. अकानच्या दोन तोंडांवरही खुणा आहेत. हॅमर, टॉर्च यांना अजिबात स्पर्श नाही. क्लॅम दिवसातून काही वेळा दचकून मिटतो.

पाण्याचे आकडे जसेच्या तसे आहेत. मासा विकावा का?

मीनाक्षर | २८ जुलै

विकण्याआधी एक विचारते. जुलैत काही बदलले का? खाद्य, दिवे, शेवाळ, आपली दिनचर्या?

नीलसागर | २९ जुलै

बदलले, आणि आपण विचारेपर्यंत ते माझ्या ध्यानातही आले नव्हते. जुलैच्या पहिल्या दोन आठवड्यांत आम्ही पुण्याला गेलो होतो. त्या काळात यांत्रिक फीडर दिवसातून एकदाच दाणे टाकत होता, नोरी बंद होती. निघण्यापूर्वी टाकी नीटनेटकी दिसावी म्हणून मी मागची काच आणि खडकांवरचे शेवाळही घासून काढले होते. परत आल्यावर प्रवाळ भुकेले असतील असे वाटून मी ट्रॅकीफिलियाला पिपेटने थेट मायसिस भरवू लागलो, आठवड्यातून तीनदा.

शारजाकर | २९ जुलै

म्हणजे आपण आधी त्याचे ताट उचलून घेतले आणि मग ट्रॅकीफिलियाच्या तोंडात ताट वाढून ठेवले.

मीनाक्षर | २९ जुलै

शारजाकर यांनी नेमके सांगितले. उपाशी दिवसांत त्याने स्राव टिपायला सुरुवात केली असणार, आणि नंतर पिपेटने दिलेल्या मायसिसमुळे त्या प्रवाळाच्या तोंडाशी मांस मिळते हे त्याला कळले. भूक हे कारण आता उरलेले नाही, सवय उरली आहे. त्यामुळे केवळ जास्त खाऊ घालून ती जाईलच असे नाही, पण तिथपासूनच सुरुवात करावी लागेल. थेट भरवणे बंद करावे. ट्रॅकीफिलिया आणि अकान यांवर तीन आठवडे जाळीचे झाकण ठेवावे. येथे स्ट्रॉबेरी ज्या टोपलीत मिळतात ती उलटी घातली तरी चालते, मात्र पाण्याचा प्रवाह आणि उजेड आत पोहोचला पाहिजे. सम्पमध्ये दोन-चार खडकांवर मुद्दाम शेवाळ वाढू द्यावे आणि आठवड्याला एक खडक वर ठेवून दुसरा खाली न्यावा, म्हणजे त्याला दिवसभराचा चरण्याचा उद्योग मिळेल.

पुणेरी_पाणी | ३० जुलै

पकडण्याची वेळ आलीच तर सापळा आत्ताच आत ठेवावा, दार उघडे बांधून. पुढचे दोन आठवडे रोजचे एक जेवण सापळ्यातच द्यावे. ऐन गरजेच्या दिवशी आणलेल्या नव्या सापळ्यात बुटका एंजल पाऊल टाकत नाही, आणि त्याच्यामागे हात घालून खडक उचकटले तर प्रवाळांचे जे नुकसान होते ते माशाने वर्षभरात केले नसते.

नीलसागर | ३ सप्टेंबर

पाच आठवड्यांचा अहवाल. दिवसातून चार वेळा खाद्य, रोज नोरी, आठवड्याला एक शेवाळलेला खडक. तीन आठवड्यांनी झाकणे काढली. अकानकडे तो आता वळूनही पाहत नाही आणि त्याच्या खुणा भरून आल्या आहेत. ट्रॅकीफिलियाचे झाकण काढल्यावर मात्र वीस मिनिटांत पहिली चोच पडली. पुन्हा दोन आठवडे झाकले, पुन्हा तेच. खाद्य वाढल्यामुळे नायट्रेट १०वरून १८वर गेले आहे, फॉस्फेट ०.०९, स्किमरचा कप रोज रिकामा करावा लागतो आणि पाणी बदलण्याचे प्रमाण वाढवले आहे.

निर्णय असा झाला की मासा राहील आणि ट्रॅकीफिलिया हलेल. पन्नास लिटरांची एक छोटी टाकी त्याच सम्पला नळीने जोडली आहे. तिच्यात ट्रॅकीफिलिया एकटी आहे, तिला पिपेटने भरवता येते आणि तिच्या जेवणात कोणी वाटेकरी नाही. सापळा मी अजून काढलेला नाही, कारण क्लॅमचा निकाल लागायचा आहे.

वाटसरू | ४ सप्टेंबर

मी छंदात उतरणार नाही, हे निश्चित. पण धाग्यावरच्या नव्या नोंदींच्या सूचना मात्र सुरू केल्या आहेत. क्लॅमचे काय झाले ते जरूर कळवावे.

नीलसागर | १८ जानेवारी

वाटसरू यांच्यासाठी, आणि ज्यांनी निरोप पाठवून विचारले त्यांच्यासाठी. ट्रॅकीफिलियाच्या उघड्या पडलेल्या धारेवर नवे मांस चढले आहे, अजून बोटभर जागा उरली आहे. कोरल ब्यूटी आता आठ सेंटिमीटरचा आहे. दुसरा कोरल ब्यूटी आणून जोडी करावी का, असा प्रश्न मी मीनाक्षर ताईंना केला होता. त्यांचे उत्तर येथे नोंदवतो: या माशांत सर्व जण आधी मादी असतात आणि कळपातली सर्वांत थोर मादी पुढे नर होते, त्यामुळे दुसरा आणायचाच तर आताच्यापेक्षा स्पष्टपणे लहान आणावा, म्हणजे थोर कोण हा वाद उरत नाही. चार फुटी टाकीत मी तो प्रयोग करणार नाही.

क्लॅम जिवंत आहे. मासा दिवसातून दोन-चारदा त्याच्या कवचावरचे शेवाळ टिपतो, तेव्हा क्लॅम मिटतो आणि मिनिटभरात पुन्हा उघडतो. किनारीवर चोच मारताना मी त्याला नोव्हेंबरपासून एकदाच पाहिले आहे. शिंपल्याची नवी पांढरी वाढ साधारण चार मिलिमीटर झाली आहे. तरीही मी क्लॅम उजव्या कोपऱ्यात, माझ्या खुर्चीतून सरळ दिसेल असा ठेवला आहे आणि सापळा अजून आतच आहे. त्याचे दार उघडे बांधलेले असून क्लाउनफिशची मादी रात्री त्यातच झोपते.